डिस्क ब्रेकच्या सायकलला पूर्ण मडगार्ड बसवताना आधी डावी बाजू बघा

जुलैत नाशिकहून त्र्यंबक रोडने निघालं की शहरातली भुरभुर महिरावणीच्या पुढे एकदम अंगावर कोसळायला लागते. वरचं पाणी रेनकोट अडवतो, खालून उडणाऱ्या पाण्याला तो पुरत नाही. मागचं चाक पाठीवर थेट मानेपर्यंत चिखलाचा पट्टा ओढतं आणि पुढचं चाक बुटांवर, चेनवर, बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो तिथे) रेती मिसळलेलं पाणी फेकत राहतं. मी सिडकोतून सातपूरला रोज सायकलने कामावर जातो. पावसाळ्याचे चार महिने पूर्ण मडगार्डाशिवाय सायकल चालवणं म्हणजे दर आठवड्याला चेन धुणं आणि दर हंगामाला ब्रेकचे पॅड बदलणं, हे मला अनुभवाने कळलं.

सीटखाली अडकवायची प्लॅस्टिकची पट्टी पाठ थोडीफार वाचवते, पण बूट आणि चेन वाचवत नाही. त्यासाठी चाकाभोवती गोल फिरलेलं, तारांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं लांब मडगार्डच हवं. जुन्या काळ्या सायकलींना ते कारखान्यातूनच यायचं. आताच्या डिस्क ब्रेकच्या हायब्रीड सायकलींना ते आपणच बसवावं लागतं, आणि तिथे डाव्या बाजूला कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग, आडवा येतो. उजवी बाजू दहा मिनिटांत होते. डावीसाठी अर्धा दिवस धरून चला, आणि मडगार्ड विकत घ्यायच्या आधी तिची मापं घ्या.

विकत घेण्याआधी सायकल नीट बघा

पहिलं बघायचं ते पुढचा चिमटा (फोर्क). तो साधा, एकसंध असेल तर पुढे वाचा. सस्पेन्शनचा असेल तर थांबा. सस्पेन्शनमध्ये चाक आणि चिमट्याचे खालचे पाय एकत्र वर-खाली होतात, वरचा, दोन्ही पाय जोडणारा मुकुट जागेवर राहतो. मडगार्ड मुकुटाला आणि तारा खालच्या पायांना बांधल्या, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डावर आपटून चाक अडकू शकतं. अशा सायकलला मागे पूर्ण मडगार्ड लावा. पुढे फक्त खालच्या पायांच्या कमानीला बसणारं, सस्पेन्शनसाठीच बनवलेलं मडगार्ड घ्या.

मग चाकाच्या आसाजवळची भोकं शोधा. चिमट्याच्या टोकांना आणि मागे चाक बसतं तिथे आटे पाडलेली छोटी भोकं असतात. जवळजवळ सगळ्या सायकलींत हे आटे एम ५ चे, म्हणजे ५ मिमी बोल्टचे असतात. मागे प्रत्येक बाजूला दोन भोकं असतील तर फारच सोय, एक कॅरिअरला आणि एक मडगार्डला. भोकंच नसतील तर रबर लावलेला पी-क्लिप नळीला आवळून काम होतं, पण फक्त स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर. कार्बनच्या चिमट्यावर क्लिप आवळू नका, नळी चेपली जाते आणि ते वरून दिसत नाही.

आता कॅलिपर. मागचा कॅलिपर चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आणि सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी) यांच्या मधल्या त्रिकोणात लपलेला असेल तर तुम्ही सुटलात, तार बाहेरून सरळ जाते. तो सीटस्टेच्या वर बसवलेला असेल तर तारेच्या वाटेत येणार. पुढे मात्र कॅलिपर बहुतेक वेळा डाव्या पायाच्या मागच्या बाजूलाच असतो आणि खालच्या भोकातून निघणारी तार नेमकी तिथूनच वर चढते. केबलवर चालणारा मेकॅनिकल कॅलिपर तेलावर चालणाऱ्या हायड्रॉलिकपेक्षा बाहेर जास्त येतो, शिवाय त्याचा बाहेरचा दांडा ब्रेक दाबताच हलतो.

हा हलणारा दांडा मी पहिल्या वर्षी विसरलो होतो. सायकल उभी असताना तार आणि दांडा यांच्यात दोन-तीन मिमीची फट होती, मला ती पुरेशी वाटली. दुसऱ्या दिवशी पपया नर्सरीच्या सिग्नलला पुढचा ब्रेक ओढला आणि लिव्हर अर्ध्यावर येऊन घट्ट थांबली. दांडा वर येताना तारेला टेकला होता. मागच्या ब्रेकने थांबता आलं, पण त्या दिवसापासून फट मोजताना मी ब्रेक पूर्ण दाबूनच मोजतो. तुम्हीही तसंच करा, मेकॅनिकल असो वा हायड्रॉलिक.

माप घ्यायची माझी पद्धत साधी आहे. आईची विणकामाची लांब सुई घेतो. तिचं एक टोक भोकाच्या तोंडाशी धरतो आणि दुसरं जिथे मडगार्डची कडा येणार तिथे. सुई म्हणजे उद्याची तार. ती कॅलिपरला टेकते का? टेकत असेल तर सुई भोकापासून बाहेर सरकवत न्यायची, ती मोकळी झाली की भोकाच्या तोंडापासूनचं अंतर व्हर्नियरने मोजायचं. त्यात ३ ते ४ मिमी मिळवायचे. माझ्या सायकलला पुढे ११ मिमी अंतर लागत होतं, मी १५ धरलं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं काम त्यावर आहे.

मडगार्डचं माप

टायरच्या कडेवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३५-६२२. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिमीमध्ये. ७०० सी आणि २९ इंची या दोन्हींचा रिम ६२२ चा असतो, साडेसत्तावीस इंचीचा ५८४ आणि सव्वीस इंची एमटीबीचा ५५९. मडगार्डची गोलाई याच आकड्याशी जुळली पाहिजे. ६२२ साठीचं मडगार्ड ५५९ च्या चाकावर ओढून-ताणून बसवलं तर ते दोन्ही टोकांना उघडं पडतं आणि मध्ये ताणून तडकतं.

रुंदी टायरपेक्षा किमान १० मिमी जास्त हवी. ३५ च्या टायरला ४५ ते ५० मिमीचं मडगार्ड, ४२ च्या टायरला ५५ च्या आसपास. अरुंद मडगार्डातून पाणी दोन्ही कडांनी गळतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. मात्र चिमट्याच्या दोन पायांमधली आणि मागे सीटस्टेमधली जागाही मोजा, मडगार्ड तिथून जायला हवं.

टायर आणि मडगार्ड यांच्या मधली फट डांबरी रस्त्यासाठी १० ते १२ मिमी पुरते. पण नाशिकची गोष्ट वेगळी आहे. त्र्यंबककडची माती पाण्यात वाहून जाते, दिंडोरी-निफाडकडची काळी माती टायरला चिकटते आणि मडगार्डात जाऊन बसते. द्राक्षबागांच्या आतल्या रस्त्यांवर किंवा ट्रॅक्टरने चिखल आणून टाकलेल्या फाट्यांवर तुमचं रोजचं जाणं असेल तर १५ मिमी ठेवा. फ्रेममध्ये तेवढी जागाच नसेल तर एक नंबर बारीक टायर घ्या. बरेच जण फट कमी करून सायकल देखणी करतात, मला ते पटत नाही. काळ्या मातीत फट भरली की चाक जागच्या जागी थांबतं.

सामान आणि लेथचं एक काम

४ आणि ५ मिमीची अ‍ॅलन की, ८ आणि १० चा पाना, पक्कड, हेक्सा ब्लेड, कानस, मार्कर, केबल टाय, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारं द्रव), एम ५ चे वेगवेगळ्या लांबीचे स्टेनलेस बोल्ट, वायसर, नायलॉकचे नट. १२ मिमी प्लायवूडचे बोटभर तुकडे सहा. जुन्या ट्यूबचा एक तुकडा.

डाव्या बाजूसाठी स्पेसर, म्हणजे तारेला फ्रेमपासून बाहेर धरणारी छोटी नळी, लागेल. आमच्याकडे हे सगळ्यात सोपं आहे, सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही लेथवाल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या बारचा तुकडा न्या आणि सांगा: बाहेरून १२ मिमी, आतून ५.२, लांबी १५, दोन्ही तोंडं चौरस, म्हणजे लांबीशी काटकोनात. एक पुढे, एक मागे आणि एक जादा असे तीन करून घ्या, एखादा हरवतो. मी टूलरूममध्येच काम करतो म्हणून आग्रहाने सांगतो, तोंडं चौरस असणं लांबीपेक्षा महत्त्वाचं. तिरक्या तोंडाचा स्पेसर बोल्टला वाकवतो आणि वाकलेला बोल्ट महिन्याभरात आट्यांजवळ तुटतो. जाड वायसरांची चळत लावूनही काम होतं, पण खड्ड्यांनी वायसर सरकतात आणि बोल्ट ढिला होतो.

बोल्टची लांबी अशी काढा. माझ्या पुढच्या डाव्या बाजूला भोकाची जाडी ६ मिमी, स्पेसर १५, तारेचा डोळा (टोकाची कडी) ३, दोन वायसर मिळून २. एकूण २६. बाजारात २५ किंवा ३० चा बोल्ट मिळतो. ३० चा घेतला तर ४ मिमी आत डोकावतो, आणि आत डिस्क फिरत असते. म्हणून ३० चा बोल्ट २६-२७ ला कापून, कानस मारून, नट एकदा चढवून-उतरवून आटे साफ करून घेतला. निदान ५ मिमी आटे तरी धरले गेलेच पाहिजेत. स्पेसर २० मिमीच्या वर जायला लागला तर ही पद्धत सोडा, खाली दुसरा उपाय दिला आहे.

सुरुवात मागून

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर सायकल उलटी उभी करू नका. ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरली की लिव्हर मऊ पडते. गॅलरीच्या कठड्याला दोरीने सीट टांगली तरी चालतं. डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी घालून रबरबँड लावा, कारण पुढे कानस चालणार आहे. लोखंडाचा बारीक कीस किंवा ग्रीसचं एक बोट पॅडला लागलं की ब्रेक ओरडायला लागतो, धरत नाही.

भोकांतला रंग आधी काढा. बोल्ट फक्त बोटांनी तीन-चार फेरे आत गेला पाहिजे. अडत असेल तर एम ५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. पान्याने जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा.

मागचं चाक काढा. पॅडच्या मध्ये पोस्टकार्डाची घडी सरकवा आणि चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, घरातल्या लहान मुलांनाही तेवढं सांगून ठेवा. मडगार्डचं पुढचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या मागच्या आडव्या पट्टीला बोल्टने जोडा. पट्टी बरीच पुढे असते, त्यामुळे मडगार्ड तिथे ओढलं जातं आणि गोलाई बिघडते. मधे काहीतरी भरायला हवं. वाइनच्या बाटलीचं बूच इथे अप्रतिम बसतं, पाण्याने फुगत नाही, वजन नाही, चाकूने हवं तेवढं कापता येतं. मधून ५ मिमीचं भोक पाडा. नाशिकमध्ये बूच शोधायला लांब जावं लागत नाही.

वरच्या बाजूला सीटस्टेमधली पट्टी येते. मडगार्डसोबत आलेली पत्र्याची क्लिप तिथे बोल्टने लावा आणि पक्कडीने तिचे कान मडगार्डच्या कडांवर हलकेच दाबा. पट्टी आणि मडगार्ड यांच्यात ट्यूबचा तुकडा ठेवला की खडखड होत नाही. काही डिस्कच्या फ्रेमना ही पट्टीच नसते. तिथे दोन्ही सीटस्टेमधून केबल टाय घेऊन मडगार्ड लटकवता येतं.

आता चाक परत बसवा. प्लायवूडचे तुकडे टायर आणि मडगार्डच्या मधे वर, मागे आणि खाली ठेवा आणि चिकटपट्टीने मडगार्ड टायरवर दाबून धरा. या अवस्थेत मडगार्ड जिथे आहे तिथेच त्याला रहायचं आहे. तारांचं काम फक्त त्याला तिथे धरून ठेवणं. तारेने मडगार्ड ओढून जागेवर आणलं तर ते कायम ताणात राहतं आणि क्लिपपाशी तडा जातो. प्लॅस्टिकची बहुतेक मडगार्डं खड्ड्यांमुळे तुटली असं लोक म्हणतात, पण तुटलेला तुकडा बघितला तर तडा नेमका ताणाच्या ठिकाणी सापडतो.

उजवी तार लावा. मग डावी, लागेल तिथे स्पेसर घालून. स्पेसरमुळे डावी तार थोडी तिरकी येते, म्हणून दोन्हींची लांबी सारखी नसते. उजवीचं माप डावीला देऊ नका, दोन्ही जागेवर धरून मार्करने खूण करा. तार काढून बाहेर कापा, टोक कानशीने गोल करा, रबरी टोपी घाला. उघडं टोक पोटरी फाडतं. उजव्या बाजूचा बोल्ट आत डोकावत नाही ना हे बघायला चेन सगळ्यात लहान चक्रावर टाकून पेडल उलटं-सुलटं फिरवा. चेनला टिकटिक लागली की बोल्ट लांब आहे.

पुढचं चाक आणि डावी तार

पुढे मडगार्ड चिमट्याच्या मुकुटातल्या भोकाला एल आकाराच्या पट्टीने लटकतं. भोक खालून असेल तर पट्टी लागत नाही. प्लायवूडचे तुकडे घालून मघासारखंच जागेवर धरा.

डाव्या तारेसाठी माझ्या पसंतीच्या क्रमाने तीन वाटा. पहिली, स्पेसर. पंचवटीतल्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांना मी तार वाकवून दाखवायला गेलो होतो. त्यांनी ती हातात घेऊन दोनदा मागे-पुढे केली आणि म्हणाले, “अहो, तार सरळ ठेवा आणि बोल्टला उंची द्या. सरळ तार दाब सहन करते, वाकडी तार उसळते.” तेव्हापासून मी आधी स्पेसरच बघतो.

दुसरी, पी-क्लिप. कॅलिपरच्या वर, चिमट्याच्या पायावर क्लिप आवळून तार तिथून जवळजवळ आडवी मागे न्यायची. स्पेसर २० मिमीच्या वर लागत असेल तर हीच बरी. क्लिपखाली ब्रेकची नळी किंवा केबल चेपली जात नाही ना ते बोटाने चाचपून बघा.

तिसरी, तार वाकवणं. कॅलिपर पार करायला पुरेल एवढे दोन उलटसुलट सौम्य बाक, व्हाइसमध्ये धरून, एकदाच. डोळ्याच्या अगदी जवळ वाकवू नका. तीच तार सरळ करून पुन्हा वाकवू नका, त्या जागी ती कच्ची होते. डिस्कसाठी आधीच बाक दिलेल्या तारांचा संच मिळाला तर जास्त चांगलं.

कॅलिपर ज्या बोल्टांनी फ्रेमला बसलेला असतो, त्या बोल्टांखाली तारेचा डोळा घालून आवळणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीच करू नका. कॅलिपरची जागा सरकते, आटे कमी धरतात, आणि तो बोल्ट तुमचा ब्रेक धरून आहे.

पुढच्या तारांना सुटी होणारी प्लॅस्टिकची क्लिप असते. झटका बसला की तार तिच्यातून निसटते. रस्त्यावरची काडी किंवा तारेचा तुकडा टायरबरोबर मडगार्डात ओढला गेला, तर मडगार्ड चुरगळत चाकाखाली जातं आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. क्लिप सुटली तर मडगार्ड मोकळं होतं आणि चाक फिरत राहतं. घट्ट बसावं म्हणून या क्लिपला केबल टायने बांधून टाकू नका. संचात ती नसेल तर वेगळी विकत आणा.

पेडल पुढे आडवं करा, नेहमीचे बूट घालून हँडल वळवा. बुटाचं टोक मडगार्डला लागतं का? थोडं लागत असेल तर हळू वळताना ते पाय मागे ठेवून वळायची सवय करा. जास्तच लागत असेल तर मडगार्ड फटीची मर्यादा सांभाळून टायरकडे दोन मिमी सरकवा.

फ्लॅप

इथे मला कंपन्यांची कंजुषी खटकते. पुढच्या मडगार्डचं खालचं टोक जमिनीपासून बरंच वर संपतं आणि तिथूनच पाणी बुटांवर येतं. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनची बाजू कापून वीतभर लांबीचा, खाली थोडा रुंद होत जाणारा तुकडा करा. तळ जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे गतिरोधकाला घासणार नाही. दोन छोट्या बोल्टांनी मोठे वायसर घालून जोडा. मागेही एक लावा. गटाने त्र्यंबकला जाताना मागच्याच्या तोंडावर आपलं पाणी उडत नाही, ही त्या माणसाची सोय आहे.

शेवटची तपासणी

थ्रेडलॉकरचा एक थेंब प्रत्येक बोल्टच्या आट्यांना, मग आवळा. डिस्क आणि पॅडपासून थेंब दूर ठेवा. एम ५ ला फार जोर लागत नाही, अ‍ॅलन कीची छोटी बाजू धरून बोटांनी आवळा आणि मग लांब बाजू धरून पाव फेरा.

पिशवी काढा. चाकं फिरवा आणि कान लावा. पुढचा ब्रेक पूर्ण दाबून तार आणि कॅलिपरमधली फट बघा, मागचाही बघा. क्विक रिलीजचा (चाक हाताने सोडवायचा) दांडा तारेला न अडता पूर्ण उघडतो का बघा. पंक्चर झाल्यावर पावसात तार सोडून चाक काढावं लागणं फार त्रासाचं असतं. सायकल पाच सेंटिमीटर उचलून सोडा. खडखड आली तर ती बहुतेक सीटस्टेच्या क्लिपमधून येते, ट्यूबचा अजून एक पदर घाला.

पहिली फेरी जवळचीच ठेवा. मी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जातो. त्यात खड्डे, गतिरोधक, पाणी साचलेले कोपरे सगळं येतं. परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, आणि पन्नास किलोमीटरनंतर आणखी एकदा. सुरुवातीला स्पेसरचा बोल्ट हमखास थोडा ढिला मिळतो.

काळ्या मातीत फिरून आलात तर चिखल ओला असतानाच काडीने मडगार्डच्या आतून काढा. वाळला की तो विटेसारखा होतो आणि काढताना मडगार्डच तुटतं. डिस्क धुवायला साधं पाणी, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. चेनला तेल घालताना डिस्कवर फडकं धरा.

सीटखालच्या पिशवीत एम ५ चे दोन बोल्ट, एक नायलॉक नट, चार केबल टाय आणि ४ ची अ‍ॅलन की ठेवा. मागच्या श्रावणात अंजनेरीपाशी एक मुलगा रस्त्याच्या कडेला मडगार्ड हाताने धरून उभा होता, डाव्या तारेचा बोल्ट पडून गेला होता. त्याच्या सायकलला स्पेसर नव्हता, तार वाकवून कॅलिपरला चिकटवलेली होती. दोन केबल टायने ती चिमट्याच्या पायाला कॅलिपरच्या वर बांधून दिली, ब्रेक तीनदा दाबून बघितला, आणि मग आम्ही दोघं पावसातच नाशिककडे निघालो.